खालच्या खोलीचं मीटर

इवाई,

तुम्ही गेलात यावर माझा लगेच विश्वास बसला नाही. निरंजनचा फोन आला, "अप्पा, दादा गेले," आणि मी विचारलं, "कुठं?" बिचाऱ्या जावयाला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. ज्या माणसाला साधी सर्दी झालेली मी कधी पाहिली नाही, तो दुपारी पोटभर जेवून आरामखुर्चीत पेपर उघडतो आणि तिथंच संपतो, हे मला पटेना. तुमच्या घरी येऊन उशाशी बसलो, चेहऱ्याकडं नीट पाहिलं, कपाळावर हात ठेवला. मग पटलं. त्यानंतर रडू आलं, ते मात्र थांबवता आलं नाही.

तेरावा होऊन गेला. लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. साधा माणूस, सरळ माणूस, पोटात एक नि ओठांत एक असं कधी नव्हतं. मी सगळ्यांच्या हो ला हो करत बसलो होतो. पण इवाई, तुमच्या पोटातलं ओठांवर आलेलं मी तरी फारसं पाहिलं नाही. तुम्ही प्रेमळ होता, मान्य. सरळ मुळीच नव्हता. चार लोकांत हे बोलणं बरं दिसलं नसतं म्हणून इथं बोलतोय.

पोरांचं लग्न झाल्यावर मी तुम्हाला 'व्याहीबुवा' म्हणायला लागलो तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावला होता. "आपण देवगावची नि बिडकीनची माणसं. हे व्याहीबुवा कुठून आणलं? इवाई म्हणा की." तेव्हापासून माझ्या पल्लवीचे सासरे माझे इवाई झाले आणि मी तुमचा. नात्यानं जेवढी थट्टा करायला परवानगी होती, त्याच्या दुप्पट तुम्ही केली. त्यातली बरीचशी माझ्या संशयी स्वभावावर होती.

तो स्वभाव मी काही आईच्या पोटातून आणला नव्हता. वीज कंपनीच्या भरारी पथकात माझी उभी नोकरी गेली. तारेवर आकडा टाकणारे, मीटरला चुंबक चिकटवणारे, मीटरच्या अलीकडूनच वायर काढून घरभर एसी चालवणारे, अशा लोकांना पकडायचं हेच काम. दारात पाय ठेवताच जो चहाचा आग्रह करतो, त्याच्या मीटरमागं आधी बघायचं, हे मी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकलो. माणूस निवृत्त होतो, डोळे होत नाहीत.

मुलाचं घर बघायला आम्ही उस्मानपुऱ्यात तुमच्याकडं आलो तो दिवस मे महिन्यातला होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि तुमच्या बैठकीत एसी नाही, कूलर नाही, वर एक पंखा, तोही रमतगमत फिरणारा. तरी खोली गार. तुम्ही आर्किटेक्ट आहात एवढं माहीत होतं, पण आर्किटेक्ट काही हवा तयार करत नाही. त्यात विहीणबाईंनी आल्याआल्या चहा विचारला. मी हात धुण्याच्या निमित्तानं उठलो, बोळात मीटर शोधलं आणि मान वाकडी करून त्याच्या मागं बघत होतो, तेवढ्यात तुम्ही पाठीशी येऊन उभे.

"सापडली का वायर?"

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग पोरगी द्यायला हरकत नाय ना?"

नंतर तुम्ही मला हाताला धरून घरभर फिरवलंत. जाड भिंती, पश्चिमेला बंद बाजू, छताखालचे झरोके, त्यातून वर निघून जाणारी गरम हवा. मी ऐकून घेतलं. घरी जाताना कुसुमला म्हणालो, माणूस चांगला आहे, पण काहीतरी लपवतोय. कुसुम म्हणाली, तुम्हाला बायकोसुद्धा काहीतरी लपवतेय असंच वाटतं. तेही खरंच होतं.

म्हैसमाळच्या अलीकडची ती डोंगराची जागा तुमच्या भावांनी वाटणीत तुमच्या गळ्यात मारली. उतार असा की उभं राहिलं की एक पाय वर, एक पाय खाली. शेळ्यासुद्धा तिथं जपून चरायच्या. पल्लवीला खुलताबादच्या कॉलेजात नोकरी लागली, निरंजनचं काम सगळं लॅपटॉपवर, तेव्हा पोरांसाठी तिथं छोटंसं घर बांधायचं तुमच्या डोक्यात आलं. मी म्हणालो, विकून टाका आणि सपाटीवर प्लॉट घ्या. तुम्ही दुखावल्यासारखे झालात. "सपाट जमिनीवर घर कुणीबी काढतं, इवाई."

त्या घराचा नकाशा तुम्ही माझ्या सिडकोतल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर काढलात. कुसुम गेल्यापासून त्या टेबलावर दुसरं काही होतही नव्हतं. तुमचं म्हणणं, डोंगर कापायचा नाही. कापलेला डोंगर विसरत नाही, दर पावसाळ्यात थोडाथोडा खाली येतो. दोन खडकांच्या मधे तांबड्या मातीचा पट्टा आहे, त्याच्यावर पाया नको. घर उताराला आडवं, लांबट ठेवायचं. पाठ दक्षिणेला, डोंगराच्या पोटात, कारण जमिनीच्या आत उन्हाळा पोचत नाही. तोंड उत्तरेला, खिडक्या तिकडंच. पश्चिमेला नुसती दगडी भिंत. छतात ऊन अडवायला पालथी मडकी, त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे. पाण्याची टाकी घराच्या वरच्या अंगाला, म्हणजे नळाला पाणी उतारानं आपोआप येईल, पंप नको. मी प्रत्येक रेघेला विचारायचो, हे कशाला? तुमच्याकडं प्रत्येक रेघेचं उत्तर तयार असायचं. ज्याच्याकडं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं त्याला आम्ही पथकात दोनदा तपासायचो.

मधूनच तुम्ही भलतंच विचारायचात. "इवाई, तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?" "गुडघा डावा दुखतो का उजवा?" "पेपर सकाळी किती लवकर लागतो?" मला वाटायचं वय झालं की माणूस कशाचीही चौकशी करतो. उत्तरं दिली, पण मोघम दिली.

भिंती उभ्या राहिल्या, छत चढलं. मे महिन्यात भर दुपारी मी न कळवता साइटवर धाड घातली. खिशात थर्मामीटर होता. आत शिरलो तर खोली गार, तेव्हा मी पहिल्यांदा खाली वाकून जमिनीला हात लावला. मला वाटलं, मी येणार हे तुम्हाला कळलंय आणि तुम्ही फरशीवर पाणी मारून ठेवलंय. तुमचे मिस्त्री बाजूला बिडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "पानी नै मारे साब. हात लगाके देख लेव, पूरा सूखा हय." जमीन कोरडी होती. थर्मामीटर बघितला आणि तो बिघडलाय असं ठरवून शहरात येऊन दुसरा विकत घेतला. दुसऱ्या दिवशी त्यानंही तेच सांगितलं. दोन्ही एकाच दुकानातले आहेत, हे मी तुम्हाला फोन करून मुद्दाम कळवलं. तुम्ही इतके हसलात की फोन विहीणबाईंनी घेतला.

थंडाव्याच्या बाबतीत मी हार मानली. पण तोपर्यंत माझं लक्ष दुसरीकडं गेलं होतं.

उतारामुळं घराला दोन पातळ्या आल्या. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली, रस्त्याच्या बाजूला, एक खोली, न्हाणीघरासकट. तिचं छत म्हणजे वरच्यांचं अंगण. इथपर्यंत ठीक. पण नकाशावर मला जिना दिसेना.

"आतून जिना कुठंय?"

"नाय ठेवला. जिन्यातनं खालची गरम हवा वर चढते. वरच्या खोल्या तापतील."

"मग खालच्या खोलीत जायचं कसं?"

"तिला तिचं दार हाय की. रस्त्यावरनं."

कारण बिनचूक होतं, म्हणून मी गप्प बसलो. मग खालच्या खोलीत ओटा आला. "चहापुरता." ओट्याशेजारी सिंक आलं. आणि एक दिवस वायरमनशी बोलताना कळलं की तुम्ही खालच्या खोलीला वेगळं मीटर सांगितलंय.

हे माझं क्षेत्र होतं. एका घरात दोन मीटर म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. युनिट वाढले की दर वाढतो, म्हणून लोक एकाच घराची दोन घरं दाखवतात, वापर वाटून घेतात आणि दोन्हीकडं स्वस्तातल्या दरात बसतात. मी तुम्हाला जाब विचारला. जन्मभर मी ज्यासाठी लोकांना दंड केला ते माझ्याच लेकीच्या घरात? आणि हे घर कमी विजेचं म्हणता, मग ही लबाडी कशाला?

तुम्ही चष्मा पुसत राहिलात. म्हणालात, "व्हय, लबाडीच म्हणा."

नाही म्हणाला असता तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. तुम्ही कबूल केलंत आणि तुमच्या चेहऱ्यावर एवढीसुद्धा लाज नव्हती. त्याच क्षणी मला कळलं की लबाडी दुसरीच कसलीतरी आहे. माणूस मोठी गोष्ट झाकायला छोटी गोष्ट कबूल करतो, हे मी शेकडो घरांत पाहिलेलं होतं.

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. दुसरं मीटर मागायला येणारी माणसं मला आठवत राहिली. भाडेकरू ठेवणारे थोडे. बाकीचे बहुतेक घर फुटल्यावर येणारे. दोन भावांचं पटेनासं झालं की आधी चूल वेगळी होते, मग दार, आणि शेवटी मीटर. नवराबायकोचंही तसंच. पोरगी माहेरी जाऊ शकत नाही, नवऱ्याला तोंड दाखवायचं नाही, मग एकाच छपराखाली दोन संसार. अशा घरातल्या बाया मीटर बघायला आलेल्या माणसाशी नजर मिळवत नाहीत.

पल्लवीला मूल नाही. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, डॉक्टर झाले, नवससायास झाले. आता त्यावर घरात कुणी बोलत नाही. निरंजन मला गुणी वाटायचा, पण वाटण्यावर माझा कधी भरवसा नव्हता. दोन दारं, दोन ओटे, दोन मीटर. मला वाटलं, पोरांचं मोडलंय, तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही शहाण्या माणसासारखी गुपचूप तरतूद करताय. माझ्या पोरीला डोंगराच्या पोटातली एक खोली.

तिला आडूनआडून विचारलं. "काय तरीच अप्पा," म्हणाली आणि चहा करायला उठली. तिच्या घरचा चहा मी घेत नाही हे तिला माहीत आहे. स्वतःपुरता ठेवला आणि पाठ फिरवून उभी राहिली. मी त्या पाठीवरून काय काय अंदाज बांधले ते तुम्हाला सांगत नाही.

आता या चहापाण्याचं बोलायलाच हवं, कारण आपलं खरं भांडण त्यावरच होतं. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. कुसुमनं हे काटेकोर पाळलं. लेकीकडं जाताना घरून पाण्याची बाटली घ्यायची, उन्हाचं गेलं तरी तिथल्या माठाकडं बघायचं नाही. कुसुम गेली तीही तसंच पाळून. मग मी कसा मोडणार? मी प्यालो असतो तर तिनं इतकी वर्षं तहान मारली ती कशासाठी, असं झालं असतं.

तुम्ही एकदाच या विषयाला हात घातलात. थट्टा नव्हती, म्हणून लक्षात राहिलं. "आमच्या विहीणबाईंनी पाळलं ते नातवंडाची वाट बघत. तुम्ही कशाची वाट बघता, इवाई? तुम्ही बाटली काढून टेबलावर ठेवता तवा पोरीला काय दिसतं, कधी बघितलं का?" मी म्हणालो, हा आमच्या घरचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणालात, "व्हय. म्हणूनच विचारलं." आणि विषय सोडलात. तुम्ही विषय सोडलात म्हणजे तो संपला असं मला वाटलं, ही तुम्हाला नीट न ओळखल्याची खूण.

शेवटचं भांडण साइटवर झालं. मला राहवेना. तुमच्या मिस्त्र्यांसमोर विचारलं.

"इवाई, खरं सांगा. पोरांचं काय बिनसलंय?"

"कोण म्हणलं?"

"तुमचा नकाशा म्हणतो."

तुम्हाला रागावलेलं मी तेव्हाच काय ते पाहिलं. "तुम्हाला वायरी तेवढ्या दिसतात," तुम्ही म्हणालात. "माणसं नाय दिसत." आणि तरातरा उतार उतरून गाडीत जाऊन बसलात. गाडी एकच होती, म्हणून मलाही त्याच गाडीत बसावं लागलं. दौलताबादच्या घाटात समोरून ट्रक आला तेव्हा मी "जपून" म्हणालो, तेवढंच बोलणं. सिडकोत माझ्या दाराशी गाडी थांबवून तुम्ही म्हणालात, "येतो." तुम्ही फोन कराल म्हणून मी थांबलो. तुम्हीही तसेच थांबला असाल, असा माझा कयास. तेवढ्यात तुमची ती आरामखुर्चीतली दुपार आली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी विहीणबाईंशी बोललो. शब्द जुळवून नेले होते. म्हणालो, "ते गेले, आता खालच्या खोलीचा बेत राहू द्या. पोरांनी वेगळं राहायचं काही कारण नाही. मी दोघांशी बोलतो."

त्या धान्य निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कोण वेगळं राहतंय?"

"ते दुसरं मीटर..."

"इवाई, ती खोली तुमची हाय."

त्या पुढं बोलत राहिल्या, सुपाकडं बघतच. "हे म्हणायचे, इवाई लेकीच्या दारातनं आत यायचे नाहीत. त्यांना त्यांचं दार पायजे, त्यांची चूल पायजे, त्यांचं बिल पायजे. म्हंजी लेकीकडं राहिलो असं त्यांना वाटायचं नाय. एकटाच असतो माणूस त्या फ्लॅटात, म्हणायचे. रात्री-बेरात्री काय झालं तर कळायचंसुद्धा नाय कुणाला."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आला असता व्हय?"

खरं सांगू? मी त्याही वेळी विश्वास ठेवला नाही. वाटलं, बाई दुःखात आहे, गेलेल्या नवऱ्याचा मोठेपणा वाढवतेय. नाहीतर मला बरं वाटावं म्हणून बोलतेय. पल्लवीला विचारलं तर तिनंही मान डोलावली, पण तीही त्या घरचीच. साक्षीदार सगळे एकाच बाजूचे असले की मी जागेवर जाऊन बघतो. पोरं नव्या नळांची तपासणी करायला डोंगरावर निघाली होती, त्यांच्याबरोबर गेलो. ती दोघं पायऱ्या चढून वर गेली. मी खालच्या खोलीचा पंचनामा करायला थांबलो.

आधी दार. रस्त्यावरून आत येईपर्यंत एकही पायरी नाही, उंबरासुद्धा नाही. असल्या उतारावर बिनपायरीचं दार काढायला किती आटापिटा लागतो ते मला नकाशांच्या भांडणांतून समजलंय. माझा डावा गुडघा आत येईपर्यंत एकदाही बोलला नाही. झोपायचा दगडी कट्टा अशा बाजूला की डाव्या कुशीवर वळलं की समोर खिडकी. पूर्वेला बसल्या उंचीवर एक लहानसा झरोका, त्यातून सकाळचं ऊन जिथं पडेल तिथं हात असलेली खुर्ची मावेल एवढी जागा सोडलेली. आणि बाहेर, दाराच्या कडेला, मीटरची पेटी. लोक मीटर कुठंतरी कोपऱ्यात, वर, जाळीमागं लपवतात. हे अगदी डोळ्यांच्या उंचीवर, स्वच्छ काचेआड. इवाई, या जगात रोज सकाळी उठून मीटर बघायला आवडणारा दुसरा माणूस कोण आहे?

मी त्या कट्ट्यावर बसलो आणि तुम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या. माझ्या सख्ख्या भावांनी माझा इतका विचार कधी केला नाही. तुम्ही माझ्या टेबलावर बसून, माझ्याच हातचा बेचव चहा पीत, माझ्यासमोर माझी खोली काढत होतात आणि मी तुमच्यावर चोरीचा वहीम घेत होतो. तरी तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. एकदा म्हणाला असता तर? मी नाही म्हणालो असतो. हेही तुम्हाला माहीत होतं.

खोली मी स्वीकारली. मीटर माझ्या नावावर घेणार, बिल मीच भरणार, हे तिथंच ठरवलं. सगळं नियमात बसत होतं. माझं दार, माझी चूल, माझी वीज. कुसुमलाही यात खोट काढता आली नसती. उठताना सवयीनं नळाकडं लक्ष गेलं, आणि मग पाइपाकडं.

वायर असो की पाइप, तो कुठून येतो हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. टाकी एकच, वर डोंगराच्या अंगाला. तिथून पश्चिमेच्या भिंतीच्या कडेनं पाइप सरळ खाली माझ्या खोलीत आणणं सगळ्यांत सोपं. तसा तो आलेला नव्हता. मी काठी टेकत बाहेरून वर चढलो, बघत बघत गेलो. पाइप टाकीतून निघतो, पल्लवीच्या स्वयंपाकघरात शिरतो, तिच्या ओट्याखालून जातो, तिथून वळसा घेऊन अंगणाच्या पोटातून माझ्याकडं उतरतो. माझ्या नळाला येणारा थेंब न थेंब माझ्या लेकीच्या घरातून येतो.

निरंजन वरच्या दारात होता. त्याला विचारलं, हे असं कुणी केलं?

"दादांनी. प्लंबर म्हणत होता सरळ खाली नेऊ, पाइप कमी लागेल. दादा नाही म्हणाले. पश्चिमेच्या उन्हात पाइप राहिला तर पाणी तापेल, घरातून नेलं की थंड राहील."

कारण याही वेळी बिनचूक होतं. तुमची सगळीच कारणं बिनचूक असायची, आणि मला आता कळतंय की त्यातलं एकही तुमचं खरं कारण नसायचं. चूल वेगळी दिलीत, दार दिलंत, वीज दिलीत. जे वेगळं द्यायला सगळ्यांत सोपं होतं तेवढंच दिलं नाही. हे नजरचुकीनं झालं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. त्या दिवशी तुम्ही भांडण सोडून दिलंत असं मला वाटलं होतं. तुम्ही ते भिंतीत गाडून ठेवलंत.

मी पुन्हा खाली आलो. सिंकसमोर उभा राहिलो. तुमच्याशी वाद घालायला तोंड उघडलं, तर समोर कुणी नाही. कुसुमला मनातल्या मनात म्हणालो, तू वाट बघत होतीस, ते बरोबर होतं. आता वाट बघायला मी एकटा उरलोय आणि ती पोरगी माझ्याकडं बघतेय. कुसुमनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. कुसुम रागावली असती तर मला कळलं असतं, एवढं खरं.

नळ सोडला. आधी नुसती हवा खरखरली, मग नव्या पाइपाच्या वासाचं पाणी आलं. ते वाहू दिलं. थोड्या वेळानं निवळ आलं. ओंजळ धरली आणि प्यालो. एक प्यालो, दुसरी धरली.

वरून अंगणाच्या कडेशी येऊन पल्लवीनं हाक मारली. "अप्पा, खाली पाणी येतंय का?"

माझ्या तोंडात पाणी होतं, म्हणून लगेच बोलता आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी गिळलं.

"येतंय," मी म्हणालो. "गोड आहे."

वर निरंजननं तिला काहीतरी विचारलं. ती बराच वेळ अंगणाच्या कडेशीच उभी असावी, कारण तिची पावलं परत गेलेली मला ऐकू आली नाहीत. इवाई, तिला कळलं असावं, असा मला दाट संशय आहे.